बियांवरची वेल

वेड्या राघूनं हवेतल्या हवेत फुलपाखरू धरलं, शाळेच्या फाटकावरच्या तारेवर येऊन बसला आणि नेहमीसारखं ते तारेवर आपटायला लागला. ऋतुजा देसाई प्रार्थनेच्या रांगेमागं उभी राहून सहज बघत होती. दोन-तीन फटक्यांनंतर पक्षी थांबला. त्यानं मान झटकली, फुलपाखरू खाली सोडून दिलं आणि चोच तारेवर इकडून तिकडून पुसत राहिला. फुलपाखरू मातीत क्षणभर पडून होतं. मग फाटक्या पंखानिशी उडालं आणि कुंपणावरून निघून गेलं. काळे पंख, लालभडक अंग.

प्रार्थना संपली, मुलं वर्गात गेली, तरी ऋतुजा तारेखालीच उभी राहिली. मागच्या तीन वर्षांत या तारेखाली काळ्या पंखांचा सडा पडलेला असायचा. पक्षी अंग खायचे आणि पंख टाकून द्यायचे. आज तिथं एकही पंख नव्हता, आणि कुंपणावर तर ही फुलपाखरं नेहमीइतकीच होती. यात काय खटकतंय हे तिला लगेच कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या तासाला, फळ्यावर लिहिता लिहिता.

मोरवडे हे गाव आजऱ्याच्या वर, शेतं संपून जंगल सुरू होतं तिथं आहे. त्या जंगलात सापसंदाची वेल पूर्वीपासून होती. ताप आला, पोट दुखलं, साप चावला, की जुनी माणसं तिचं मूळ उगाळायची. डॉक्टर मात्र तिला हात लावू नका म्हणून सांगायचे. तिच्या पानामुळात एक आम्ल असतं. ते किडनीच्या बारीक नळ्यांमधल्या पेशींत शिरतं आणि त्यांच्या जनुकांना असं चिकटतं, की पुन्हा निघत नाही. पेशी मरत जातात, त्यांच्या जागी व्रणाचं निबर ऊतक भरतं, आणि किडनी सुकलेल्या शेंगेसारखी आक्रसते. हे होताना काही दुखत नाही. माणूस हिंडतो, जेवतो, झोपतो. पाय सुजेपर्यंत काही कळत नाही, आणि पाय सुजतात तेव्हा उशीर झालेला असतो.

या विषाचा उपयोग त्या एका फुलपाखरालाच होतो. त्याची अळी सापसंदाचीच पानं खाते आणि विष अंगात साठवते. पक्षी एकदा चाखतो आणि पुन्हा त्या लाल अंगाच्या वाटेला जात नाही.

मग सांधेताप आला. डासांमधून पसरणारा हा नवा ताप आठवड्याभरात उतरायचा, पण सांधे वर्षानुवर्षं धरून ठेवायचा. गावातली निम्मी माणसं काठी टेकत चालायला लागली. सापसंदाच्या काढ्यानं सांधे मोकळे होतात हे जुन्या माणसांना माहीत होतं. अडचण विषाची होती. एका खासगी प्रयोगशाळेनं ती सोडवली. वेलीत विष पायरी-पायरीनं तयार होतं आणि प्रत्येक पायरीचं काम एकेका जनुकाकडं असतं. त्यातलं एक जनुक त्यांनी कापून बंद केलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यांनी दोन्ही बंद केल्या. औषध राहिलं, विष गेलं. या वाणाला त्यांनी नाव दिलं सौम्या.

सौम्या मोरवड्यात आली ती ऋतुजामुळं. निदान गाव तसं मानायचं. ग्रामसभेत प्रयोगशाळेचा माणूस तासभर बोलला आणि कुणाला काही समजलं नाही. मग ऋतुजाची थोरली जाऊ, वैजयंता, उठून म्हणाली की आमच्या बाई सांगतील. ऋतुजानं फळा मागवला, जनुकाच्या दोन प्रती काढल्या, दोन्हींवर फुली मारली आणि हे विष आता होऊच शकत नाही असं सांगितलं. ते खरं होतं. सगळ्यात जास्त पुरावा पक्ष्यांनीच दिला: वर्षभरात गावातली फुलपाखरं निर्विष झाली आणि वेडे राघू ती खायला लागले. ऋतुजानं तेही मुलांना तारेखाली नेऊन दाखवलं होतं.

वैजयंता नवरा गेल्यापासून घर आणि गावातल्या बायकांचा गट दोन्ही सांभाळायची. तिनं प्रत्येक कुंपणावर सौम्या चढवली, वाळवणघर उभं केलं, आणि मोरवड्याची पूड जिल्ह्याबाहेर जाऊ लागली. गावात काठ्या कोपऱ्यात पडल्या. काढा चहासारखा झाला. ज्याचे सांधे दुखत नव्हते तोही सकाळी घ्यायचा. प्रत्येक नव्या घाण्याची चव वैजयंता स्वतः बघायची. वाटीभर काढा करून प्यायची, डोळे मिटून थांबायची आणि मगच पोती शिवायला सांगायची.

प्रयोगशाळेची एकच अट होती. वेल फांदीपासून लावायची, बियांपासून नाही. दोन वर्षांमागं उन्हाळा फार झाला, फांद्या करपल्या आणि मागणी तर वाढत होती. कुंपणावर वाळक्या शेंगा उलट्या छत्रीसारख्या उघडून लोंबत होत्या, आणि त्यांत बियाच बिया. त्याच वेलीचं बी, म्हणजे तीच वेल, असं वैजयंताला वाटलं. तरी तिनं ऋतुजाला विचारलं होतं. ऋतुजानं प्रयोगशाळेनंच दिलेल्या पट्ट्या आणून रोपांची पानं तपासली. सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. हिरवी म्हणजे सौम्या. तिनं लावा म्हणून सांगितलं.

राघूनं फुलपाखरू टाकलं म्हणजे विष वेलीत परत आलं होतं. आता वर्गात फळ्यासमोर उभं राहिल्यावर तिला दिसलं, की पट्टी फक्त एवढंच विचारते: या पानात कापलेलं जनुक आहे का? ते होतंच, आईकडून आलेलं. पण सापसंदाचं फूल बारीक नळीसारखं असतं, त्यात चिलटं अडकतात, अंगाला पराग लागतो आणि सुटली की ती दुसऱ्या फुलात जातात. ती चिलटं जंगलातूनही येतात. बापाकडून आलेली प्रत जंगलातली असेल, तर ती धडधाकट असणार. विष तयार व्हायला एक प्रत पुरते. पट्टीनं ते कधी विचारलंच नव्हतं.

तिनं कुणाला काही न सांगता पिशवीभर पानं कोल्हापूरला नेली. शाहीन मुजावर तिची कॉलेजातली मैत्रीण, तिथल्या रसायन प्रयोगशाळेत होती. शाहीननं दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिनं आधी ऋतुजाला बसवलं. फांदीवरच्या जुन्या वेली स्वच्छ होत्या. बियांवरच्या जवळजवळ सगळ्या विषारी निघाल्या, काही तर जंगलातल्या वेलीपेक्षाही जास्त.

"हे कोण पितं?" शाहीननं विचारलं.

"सगळे," ऋतुजा म्हणाली.

घरी येऊन तिनं पहिलं वैजयंतालाच सांगितलं. वैजयंतानं शांतपणे ऐकलं, मग ही मैत्रीण कोण, तिचं मशीन चुकलं नसेल कशावरून, असं विचारलं. ऋतुजानं राघूची गोष्ट सांगितली. वैजयंता थोडी हसली. पाखरं काय, आज एक खातील, उद्या दुसरं, असं ती म्हणाली. पण त्या हसण्यात जोर नव्हता. ऋतुजाच्या हट्टानं दोघींनी वाळवणघरासमोर बैठक बोलावली.

ऋतुजानं पुन्हा फळा मांडला. दोन प्रती काढल्या, या वेळी एकीवरच फुली मारली. बायका ऐकत होत्या. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली म्हातारी माणसं ऐकत होती. कुणी चिडलं नाही. फक्त मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, की बाई, चार वर्षांमागं तुम्हीच याच फळ्यावर विष नाही म्हणून सांगितलं, आता तुम्हीच आहे म्हणता. यातलं कोणतं धरायचं? ऋतुजानं दोन्ही खरं आहे म्हणून सांगितलं आणि ते किती पोकळ आहे ते तिचं तिलाच जाणवलं. गटातल्या बायका वैजयंताकडं बघू लागल्या. काहींच्या डोळ्यांत भीती होती.

वैजयंता उठली. आत जाऊन तिनं बियांवरच्या पाल्याचा, त्याच आठवड्यात केलेल्या घाण्याचा तांब्याभर काढा आणला. सगळ्यांसमोर, तोंड वाकडं न करता, घोटाघोटानं तो पिऊन संपवला.

"विष असतं तर मी रोज पहिली चव घेतली नसती," ती म्हणाली. "कामाला लागा."

ऋतुजा तिच्या गळ्याकडं बघत होती. प्रत्येक घोट खाली उतरताना तिला दिसत होता, आणि तो पुढं कुठं जाणार आणि काय करणार हेही माहीत होतं. तिनं पुढं होऊन तांब्या धरायला हवा होता, पण सगळ्या गावासमोर थोरल्या जावेचा हात धरणं तिला जमलं नाही.

तिनं सौम्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेला कळवलं. उत्तर आलं की बियांपासून लागवड करू नये हे लेखी सांगितलं होतं, त्यापुढची जबाबदारी आमची नाही. तालुक्याचे आरोग्य अधिकारी आले. त्यांच्याकडंही त्याच पट्ट्या होत्या. त्या हिरव्या झाल्या, अधिकाऱ्यांनी शाहीनचा कागद न वाचताच परत दिला, चहा घेतला आणि ते निघून गेले.

त्या वर्षी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात एक नवं यंत्र आलं होतं. लघवीतून किडनीच्या झडलेल्या पेशी बाहेर पडतात. हे यंत्र त्यातली एकेक पेशी उलगडून जनुकांवरच्या खुणा वाचायचं. सापसंदाचं विष जिथं चिकटतं तिथं ठरावीक प्रकारचीच चूक करून ठेवतं, दुसरं कुठलंही विष तशी करत नाही. त्यामुळं यंत्र नुसतं किडनी बिघडली एवढं सांगत नव्हतं. कशानं बिघडली आणि साधारण कधीपासून हेही सांगत होतं. ऋतुजानं नवऱ्याला, संग्रामला, कसंबसं तयार केलं. तो एकटा यायला तयार नव्हता, म्हणून तिनंही आपली तपासणी करून घेतली.

संग्रामच्या पेशींवर खुणा होत्या. त्या फार नव्हत्या. डॉक्टर म्हणाले की आत्ता थांबलात तर किडनी बहुधा टिकेल, पण या खुणांपासून पुढं कर्करोग होऊ शकतो, तेव्हा जन्मभर दर वर्षी तपासायला यायचं. ऋतुजाचा अहवाल कोरा होता.

परतीच्या वाटेवर आजरा आला. तिथं संग्रामनं गाडी बाजूला घेतली.

"तू कधीच घेतला नाहीस," तो म्हणाला.

ती म्हणाली की तिला ताप आलाच नव्हता, सांधे दुखत नव्हते, आणि कडू तिला कधीच सोसत नाही. हे त्याला लग्नापासून माहीत आहे. त्यानं मान हलवली. पण घरात शिरताना तिच्या हातातली पिशवी नेहमीसारखी घेतली नाही.

ही गोष्ट गावात कशी पसरली ते कळलं नाही. संग्रामनं कुणाजवळ तरी मन मोकळं केलं असणार. आठवडा गेला नाही तोच ऋतुजाला पाणवठ्यावर, बसमध्ये, शिक्षकांच्या खोलीत ते जाणवायला लागलं. अख्ख्या गावानं घेतला आणि बाईंनी नाही. म्हणजे बाईंना पहिल्यापासून माहीत होतं. गंमत अशी, की हे बोलणारीच माणसं सकाळी काढा पीत होती. बाईंना विष माहीत होतं आणि काढ्यात विष नाही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या. शाळेत दोन मुलांना त्यांच्या आयांनी तिच्या वर्गातून काढून दुसऱ्या तुकडीत घातलं. संग्राम भांडत नव्हता. त्यानं काढा सोडला होता, आणि त्याचे गुडघे पुन्हा धरले होते. सकाळी पलंगावरून उठताना तो तिचा आधार घ्यायचा नाही, भिंतीचा घ्यायचा.

पावसाळा संपता संपता वैजयंता वाळवणघरात चक्कर येऊन पडली. चेहरा कितीतरी दिवस पिवळसर दिसत होता, पण ती उन्हाला बोल लावत होती. दवाखान्यात पोटाचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी तो ऋतुजाला दाखवला. दोन्ही किडन्या आक्रसून बोटभर उरल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. नवी किडनी बसवायची आणि जुन्या दोन्ही काढून टाकायच्या, असं ठरलं, कारण खुणा असलेल्या पेशी आत ठेवण्यात धोका होता.

वैजयंताचा मुलगा पृथ्वीराज बंगळुरूहून त्याच दिवशी आला. किडनी मीच देणार, असं त्यानं येताच सांगितलं. यंत्रानं त्याच्याही पेशींवर खुणा दाखवल्या. तो मोरवड्यात राहत नव्हता, पण आई दर महिन्याला कुरिअरनं पुडा पाठवायची आणि तो मुलगा आज्ञाधारक होता. मग वैजयंताचा भाऊ तपासला, बहीण तपासली, भाचा तपासला. सगळ्यांच्या घरी तोच पुडा गेला होता. जी जी माणसं तिला प्रिय होती, त्या प्रत्येकापर्यंत तिनं तो पोचवला होता. पृथ्वीराज दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला आणि आईला हे सांगू नका म्हणाला. सांगण्याची गरज नव्हती. बहिणीचा चेहरा बघून वैजयंताला कळलं होतं.

नात्यात कोरा अहवाल एकट्या ऋतुजाचा होता. रक्तगट जुळला, बाकीही जुळलं. जाऊ ही कायद्यानं जवळची नातेवाईक नाही, म्हणून समितीसमोर जावं लागलं. समितीनं परवानगी दिली. संग्रामला तिनं विचारलं नाही, सांगितलं. तो अंगणात गेला आणि परत येऊन, तुझ्यासोबत दवाखान्यात मी राहीन, एवढंच म्हणाला. गावात मात्र लगेच अर्थ लागला: बाई पाप फेडतायत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी ऋतुजा वैजयंताच्या खोलीत गेली. वैजयंता उशीला टेकून बसली होती. हात सुजले होते, बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या. तिनं परिचारिकेला बाहेर जायला सांगितलं.

"आता इथं कोणी नाही," ती म्हणाली. "खरं सांग. तू का घेतला नाहीस?"

"मला कडू सोसत नाही, अक्का."

"एवढंच?"

"एवढंच. कारल्याची भाजी केली की मी ताकभात खाते. तुम्हीच वाढता."

वैजयंता तिच्याकडं बघत राहिली. ऋतुजाला वाटलं, याहून मोठं, पटण्याजोगं काहीतरी कारण आपल्यापाशी असतं तर बरं झालं असतं.

"हे गावात सांगू नकोस," अखेर वैजयंता म्हणाली. "कोणी विश्वास ठेवायचं नाही."

"तुम्ही ठेवता?"

वैजयंतानं डोळे मिटले. काढ्याची चव बघताना मिटायची तसेच.

"तुझी किडनी घ्यायला निघालेय," ती म्हणाली. "ठेवायलाच पाहिजे." मग पुढं म्हणाली, "बरी झाले की मी सांगेन त्यांना. घरोघर जाऊन सांगेन."

तिनं आदल्या आठवड्यात फोन करून गटाला पूड थांबवायला सांगितलं होतं, हे ऋतुजाला तेव्हा कळलं. बायकांनी ऐकलं नव्हतं. अक्का आजारी आहेत, धाकटीनं त्यांना भरवलंय, असं त्या म्हणाल्या होत्या. विष असतं तर अक्का आमच्यादेखत तांब्याभर प्यायल्या असत्या का?

ऋतुजा बाहेर आली. व्हरांड्यातली बाकं भरलेली होती. मागच्या महिन्यात ती तपासणीला आली तेव्हा इथं तुरळक माणसं होती. आता लोक भिंतीकडेला चटया टाकून बसले होते. एका बाईनं सरकून तिला जागा करून दिली. चंदगडच्या वरच्या अंगाची होती. नवऱ्याला दोन महिन्यांपासून डायलिसिसवर ठेवलं होतं, नव्या यंत्रावर अजून नंबर लागला नव्हता. धडधाकट माणूस, मळणीला दोन पोती एकदम उचलणारा, अचानक पाय सुजले. डॉक्टर काहीबाही विचारतात, गोळ्या कुठल्या खाता म्हणून, पण त्यांनी आयुष्यात गोळी खाल्ली नाही, असं ती सांगत होती. तिच्या मांडीवर झाकणाची स्टीलची बाटली होती. झाकणाच्या कडेतून ओळखीचा कडवट वास येत होता.

ऋतुजानं बाटलीत काय आहे ते विचारलं.

"काढा आहे, मोरवड्याचा. आता वेल आमच्याकडंच लावलीय म्हणा," बाई म्हणाली. "डॉक्टरांचं त्यांचं चालू दे, म्हटलं, आपलंही सोडायचं नाही. डायलिसिस झालं की गरम गरम देते. तेवढंच त्यांना बरं वाटतं."

"फांदीवरची लावलीय?"

"फांद्या कुठं मिळतायत. बियांवर केलीय, यंदा सगळ्या वाडीनंच केलीय." तिला ऋतुजाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण तिनं समजावणीच्या सुरात पुढं सांगितलं, "तपासून घेतलीय हो. सगळ्या पट्ट्या हिरव्या आल्या."

आतून नाव पुकारलं गेलं. बाई पदर सावरून उठायला लागली. ऋतुजानं बाटलीवर हात ठेवला. बाईनं चमकून तिच्याकडं पाहिलं आणि बाटली दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली.